अनोळखी प्रतिस्पर्धी समोर आला तर: ऐनवेळी जुळवून घेणाऱ्या बॉक्सरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा स्पर्धेत सकाळी वजनं होतात, मग ड्रॉ लागतो आणि भिंतीवरच्या कागदावर आपल्या मुलाच्या नावासमोर एक नाव दिसतं. ते आपण कधी ऐकलेलं नसतं. मुलगा विचारतो, "सर, हा कसा खेळतो?" आणि मला खरंच माहीत नसतं. मुलांच्या कॉर्नरला (रिंगच्या कोपऱ्यात, जिथे प्रशिक्षक थांबतो तिथे) उभं राहून आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. उदाहरणं बहुतेक मोठ्या व्यावसायिक लढतींची आहेत. त्या कुणालाही पाहता येतात आणि बारा-पंधरा फेऱ्यांच्या असल्यामुळे त्यांत बदल घडताना डोळ्यांना दिसतो.

"तयारीविना" म्हणजे सराव न करता का?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाकू, कारण त्यापायी मुलं जायबंदी होतात.

तयारी दोन प्रकारची असते. एक शरीराची आणि हाताची: दम, पाय, गार्ड, ठोसे. दुसरी समोरच्या एका ठरावीक माणसाची: तो डावखुरा आहे का, उंच आहे का, अंगावर येतो की मागे सरतो. ऐनवेळी उभे राहून जिंकलेल्या बॉक्सरांकडे दुसरी तयारी नव्हती. पहिली पुरेपूर होती.

मॅनी पॅकियाओचं बघा. जून २००१ मध्ये लास व्हेगसला दक्षिण आफ्रिकेचा लेहलोहोनोलो लेडवाबा आपलं सुपर बँटमवेट जगज्जेतेपद राखायला उतरणार होता. त्याचा ठरलेला प्रतिस्पर्धी गळाला आणि जेमतेम दोन आठवडे आधी २२ वर्षांच्या पॅकियाओला बोलावणं आलं. अमेरिकेतली ती त्याची पहिलीच लढत. सहाव्या फेरीत त्याने लेडवाबाला संपवलं. ही गोष्ट सांगताना लोक दोन आठवड्यांवर थांबतात. पण तो त्या वेळी प्रशिक्षक फ्रेडी रोचकडे लॉस एंजेलिसमध्ये सरावातच होता. अंग तापलेलं होतं, फक्त नाव बदललं. आणि नाव दोघांचंही बदललं होतं: लेडवाबानेही तयारी दुसऱ्याच माणसाची केली होती.

व्हिताली क्लिच्कोचं तेच. २१ जून २००३ रोजी लेनॉक्स लुइसची लढत कर्क जॉन्सनशी व्हायची होती. जॉन्सन जखमी झाला. क्लिच्को त्याच कार्यक्रमात दुसऱ्या कुणाशी लढणार होता, त्याला साधारण दोन आठवडे आधी वर घेतलं. सहा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर तो ५८-५६ असा पुढे होता. डाव्या डोळ्यापाशी फार खोल चिरलं म्हणून डॉक्टरांनी लढत थांबवली आणि निकाल लुइसच्या बाजूने गेला. लुइस त्या दिवशी आयुष्यातल्या सर्वांत जास्त वजनाने उतरला होता. त्यानंतर तो कधीच लढला नाही.

तिसरं उदाहरण अँडी रुइझ. १ जून २०१९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अजिंक्य अँथनी जोशुआसमोर जॅरेल मिलर येणार होता, तो उत्तेजक चाचणीत सापडला. रुइझला जेमतेम महिना मिळाला. पण २० एप्रिललाच तो एक लढत खेळून बसला होता. तिसऱ्या फेरीत तो स्वतः खाली पडला, उठला, आणि त्याच फेरीत त्याने जोशुआला दोनदा पाडलं. सातव्या फेरीत सगळं संपलं.

मग दोघांनाही पुरेसा वेळ मिळाला तर काय होतं?

याचं उत्तर त्याच दोघांनी सहा महिन्यांनी दिलं. ७ डिसेंबर २०१९ ला सौदी अरेबियात जोशुआ हलका होऊन आला. लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), बाजूला पाऊल, पुन्हा जॅब, असं बाराही फेऱ्या करत राहिला आणि आरामात गुणांवर जिंकला. रुइझचं वजन मागच्या वेळेपेक्षा जवळपास सात किलोने वाढलं होतं.

म्हणजे ऐनवेळी जुळवून घेणं हे एक कौशल्य आणि एका माणसाची नेमकी तयारी करणं हे दुसरं. एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही.

असा बॉक्सर पहिल्या फेरीत नेमकं काय करत असतो?

आपल्याकडच्या कुस्ती शौकिनाला हे समजावून सांगावं लागत नाही. जत्रेच्या मैदानात दोन अनोळखी पैलवानांची जोड लागते. सलामी झाल्यावर लगेच कुणी पट काढायला जात नाही. आधी खडाखडी होते. हात लावून बघायचा, मान दाबून बघायची, समोरच्याचा जोर कुठून येतो ते चाचपायचं. बघणाऱ्यांतला एखादा "अरे, धर की!" म्हणून ओरडत असतो, पण वस्ताद गप्प असतो. त्याला माहीत असतं की काम सुरू झालेलं आहे.

बॉक्सिंगमध्ये ही खडाखडी जॅबने आणि हुलकावणीने होते. पुढच्या हाताचा हलका जॅब लागावा म्हणून मारलेला नसतो, त्याला समोरचा काय करतो ते बघण्यासाठी असतो. हुलकावणीचंही तेच. खांदा हलवायचा, ठोसा सोडायचा नाही. कबड्डीत चढाई करणारा पाय पुढे टाकून मागे घेतो आणि कोणता क्षेत्ररक्षक चटकन हलतो ते टिपतो, अगदी तसं.

मी मुलांना तीनच प्रश्न देतो. जॅब गेला की तो काय करतो? हुलकावणी दिली की काय करतो? रेटलं की कुठल्या बाजूला जातो? पहिल्या दीड मिनिटात या तिघांची उत्तरं आणायची. गुण त्यानंतर.

एकदा दिलेलं उत्तर धरायचं नाही. तेच उत्तर दोनदा-तीनदा आलं तर ती सवय. आणि मार बसतो तो बहुतेक वेळा सवयीच्या जागीच.

वाचायचं कशावरून? डोळ्यांत बघायचं का?

डोळ्यांत बघू नका. नवख्याचे डोळे खरं बोलतात, पण मुरलेल्याचे फसवतात. नजर छातीच्या वरच्या भागावर, गळपट्टीच्या हाडांपाशी ठेवा. तिथून दोन्ही खांदे दिसतात, आणि खांद्याशिवाय हात येत नाही. कडेच्या नजरेने कंबर आणि पुढचा गुडघाही दिसतो.

मग बारीक गोष्टी दिसू लागतात. हुक (बाजूने वळवून येणारा ठोसा) मारण्याआधी कोपर किंचित बाहेर जातं. जोरदार उजवा टाकण्याआधी काही जण वजन मागच्या पायावर नेतात. जॅब परत आणताना हात हनुवटीपाशी न येता छातीपाशी येतो, ही तर आपल्याकडच्या निम्म्या मुलांची खोड आहे. काही जण ठोसा सोडण्यापूर्वी श्वास भरतात, त्यांचा आवाज येतो. काही जण तीन ठोसे मारले की नेहमी थांबतात, जणू वाक्य संपलं. त्या थांब्यावर आपलं वाक्य सुरू करायचं.

डावखुऱ्यापुढे भलेभले का गडबडतात?

कारण साधं आहे. माणसांत डावखुरे दहात एखादा. त्यामुळे उजव्या हाताचा बॉक्सर डावखुऱ्याशी क्वचित खेळतो आणि डावखुरा रोज उजव्यांशीच खेळतो. एकाला दुसरा अनोळखी, दुसऱ्याला पहिला घरचा.

उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो, डावखुरा उजवा. त्यामुळे प्रत्यक्षात तीन गोष्टी बदलतात. दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि पायात पाय अडकतो. पुढचे हातही आमनेसामने येतात, म्हणून आपला रोजचा जॅब त्याच्या हातावर आपटतो. आणि त्याचा जोरदार डावा अशा कोनातून येतो, जिथून आपल्याला कधी काही आलेलं नसतं. यावर जुनं उत्तर असं: आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवा, त्याच्या डाव्या हातापासून दूर म्हणजे आपल्या डावीकडे सरका आणि उजवा सरळ ठोसा पुढे आणा. हे ऐकायला सोपं आहे. पण डावखुऱ्याशी शंभरेक फेऱ्या स्पॅरिंग (सरावाची लढत) झाल्याशिवाय पाय ऐकत नाहीत.

इथे टेरेन्स क्रॉफर्डचं नाव घ्यायलाच हवं. हा माणूस मुळात उजव्या हाताचा, पण दोन्ही बाजूंनी सारख्याच सफाईने उभा राहायचा. २८ जून २०१४ ला, त्याच्याच ओमाहा शहरात, क्युबाचा विलक्षण चपळ युरिऑर्किस गॅम्बोआ त्याला सुरुवातीच्या फेऱ्यांत त्रास देत होता. क्रॉफर्डने बाजू बदलली आणि डावखुरा होऊन उभा राहिला. पाचव्या फेरीत गॅम्बोआ पहिल्यांदा खाली गेला, नवव्यात लढत थांबली. गंमत अशी की गॅम्बोआने चार फेऱ्यांत जे काही वाचलं होतं, ते एका पावलात निरुपयोगी झालं. क्रॉफर्ड त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी झाला. जुळवून घेण्याची ही मला सर्वांत सुंदर वाटणारी रीत आहे.

सुरुवातीलाच जोरात मार बसला तर सावरता येतं का?

येतं, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा ८ मे २००४ ची लढत आहे. हुआन मॅन्युएल मार्केझ विरुद्ध पॅकियाओ, पहिली भेट. पहिल्याच फेरीत मार्केझ तीनदा खाली. नाक रक्ताळलेलं. घरी बघणारा कुणीही टीव्ही बंद करून जेवायला बसला असता.

मार्केझचं दुखणं काय होतं? पॅकियाओ डावखुरा, त्याचा सरळ डावा ठोसा विजेसारखा यायचा आणि अंतर इतक्या झटक्यात कापायचा की मार्केझला तो दिसेपर्यंत बसलेला असायचा. दुसऱ्या फेरीपासून मार्केझने घाई सोडली. अर्धं पाऊल मागे राहून तो पॅकियाओला आत येऊ द्यायला लागला. त्या डाव्याची वेळ हळूहळू त्याच्या अंगात भिनली, आणि मग तो डावा निघाला की मार्केझचा उजवा त्याच वाटेवर आधीच उभा असे. जो ठोसा त्याला पाडत होता, त्याच ठोशाला त्याने आमंत्रण दिलं.

लढत बरोबरीत सुटली. एका पंचाने ११५-११० मार्केझला दिले, दुसऱ्याने ११५-११० पॅकियाओला, तिसऱ्याने ११३-११३. या तिसऱ्याने नंतर मान्य केलं की पहिल्या फेरीत तीनदा पाडल्याबद्दल १०-६ द्यायला हवे होते, त्याने १०-७ दिले होते. म्हणजे निकाल पॅकियाओचा व्हायला हवा होता. ते खरं मानलं तरी त्या उरलेल्या अकरा फेऱ्यांची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. आठ वर्षांनी चौथ्या भेटीत, सहाव्या फेरीच्या शेवटी, आत येणाऱ्या पॅकियाओला मार्केझचा तोच उजवा भेटला आणि पॅकियाओ तोंडावर कोसळला.

जुन्या काळात आर्ची मूरचं उदाहरण आहे. १० डिसेंबर १९५८, माँट्रियल. चाळिशी ओलांडलेला मूर इव्हॉन ड्युरेलकडून पहिल्या फेरीत तीनदा पडला, पाचव्यात पुन्हा पडला, आणि अकराव्यात त्याने ड्युरेलला संपवलं. त्याच्याकडे इतक्या वर्षांच्या लढतींचा साठा होता की पडल्यावर उठून आधी जीव कसा वाचवायचा, पकड कधी घ्यायची, वेळ कसा काढायचा हे त्याला शिकावं लागलं नाही.

यातला समान धागा मुलांना मी असा सांगतो: मार बसल्यावर लगेच फेड करायला जाऊ नका. आधी श्वास, मग पाय, मग "तो कुठून आला?" हा प्रश्न.

यात सगळ्यांत पटाईत कोण?

लोक फ्लॉइड मेवेदरचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. १ मे २०१० ला शेन मोझलीने दुसऱ्या फेरीत त्याला उजव्याने असं हलवलं की गुडघे वाकले. मेवेदर बचावात्मक म्हणून प्रसिद्ध, तेव्हा तो मागे मागे जाईल असं वाटलं होतं. त्याने उलट केलं. मोझलीला मोठा ठोसा मारायला जागा लागते हे त्याने ओळखलं आणि पुढे सरकून ती जागाच खाऊन टाकली. त्यानंतर मोझलीला जवळजवळ एकही फेरी मिळाली नाही. शेवटी पंचांचे कागद ११९-१०९, ११९-१०९, ११८-११०. चार वर्षं आधी झॅब जुडासारख्या वेगवान डावखुऱ्यानेही त्याला पहिल्या काही फेऱ्या सतावलं होतं, पाचव्या फेरीपासून तो वेग मेवेदरने पचवला.

तरी मला वैयक्तिक विचाराल तर मी मार्केझ म्हणेन. मेवेदरला सहसा थोडंसंच दुरुस्त करावं लागे, कारण त्याचा मूळ पायाच फार भक्कम होता. मार्केझने जळत्या घरात बसून नकाशा काढला.

भयंकर ताकदवान बॉक्सर अनोळखी डावपेचांपुढे का अडकतात?

कारण त्यांना प्रश्न विचारायची वेळच आलेली नसते. १९७४ मध्ये मुहम्मद अलीशी लढायला आफ्रिकेतल्या किन्शासाला उतरला तेव्हा जॉर्ज फोरमन ४० लढतींत अजिंक्य होता, त्यातल्या ३७ बाद करून जिंकलेल्या. फ्रेझर आणि नॉर्टन हे दोघेही त्याच्यापुढे दुसऱ्या फेरीपलीकडे गेले नव्हते. मुहम्मद अली पहिल्या फेरीत उजव्या हाताने थेट सुरुवात करत आत आला, फोरमन चिडला पण हलला नाही. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना टेकून उभा राहिला. त्याच्याच कॉर्नरमधून दोरांपासून दूर हो म्हणून ओरडा चालू होता, कारण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फोरमन मारत राहिला, थकला आणि आठव्या फेरीत पडला. त्याच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते त्याने आठ फेऱ्या पुन्हा पुन्हा दिलं.

दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात कॉर्नर काय करू शकतो?

फार थोडं, म्हणून जे करायचं ते नेमकं. पहिली वीस सेकंदं श्वास आणि पाणी. मग एक गोष्ट, फार तर दोन. "जॅब मारला की त्याचा उजवा खाली येतोय, वरून डावा हुक टाक." बस. पाच सूचना दिल्या की मुलगा रिंगमध्ये एकही घेऊन जात नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे "मार, मार, जोरात मार". ती सूचना नव्हे, ती आपली भीती आहे.

१६ सप्टेंबर १९८१ ला शुगर रे लेनर्ड आणि टॉमी हर्न्स यांच्यात हे दिसतं. हर्न्स उंच, लांब हातांचा, जबरदस्त ठोशाचा. लेनर्ड चपळ. सहाव्या फेरीत लेनर्डने हर्न्सला हादरवलं आणि चित्रच उलटलं. ठोसेबाज हर्न्स लांबून नाचत खेळायला लागला, नाचणारा लेनर्ड त्याच्या मागे. दोघांनीही एकमेकांचा खेळ उचलला होता, आणि हर्न्स त्यात गुण जमवत पुढे निघून गेला. लेनर्डचा डावा डोळा सुजत चालला होता. बाराव्या फेरीनंतर त्याच्या कॉर्नरमधल्या प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला तांत्रिक काही न सांगता एवढंच खडसावलं की लढत हातातून चालली आहे. तेराव्यात हर्न्स दोरांतून बाहेर लोंबला, चौदाव्यात रिंगमधल्या पंचांनी लढत थांबवली. तिन्ही कागदांवर लेनर्ड तोवर मागे होता. डंडीला ठाऊक होतं की या मुलाला काय करायचं ते कळलंय, वेळ किती उरलाय ते कळलेलं नाही. कॉर्नरने माणूस ओळखायचा तो असा.

हौशी स्पर्धांत तीनच फेऱ्या असतात. तिथे वाचायला वेळ कुठे आहे?

हाच खरा आपल्या मुलांचा प्रश्न. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, पाच पंच, आणि पहिली फेरी गेली की उरलेल्या दोन जिंकणं भाग. बारा फेऱ्यांचा मार्केझ इथे हरला असता.

म्हणून हौशी बॉक्सरला वाचता वाचता गुणही घ्यावे लागतात. त्याची चाचपणीच मोजली जाईल इतकी स्वच्छ हवी. जॅब नुसता दाखवून चालत नाही, तो लागायला हवा आणि लागताना माहितीही घेऊन यायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या स्पर्धेत आठ-दहा दिवसांत चार-पाच वेगवेगळे लोक समोर येतात: आज उंच, परवा ठेंगणा, त्यानंतर डावखुरा. वासिल लोमाचेन्कोने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पाच लढती जिंकून सुवर्ण घेतलं. हौशी कारकिर्दीत ३९६ विजय आणि १ पराभव असा त्याचा लेखाजोखा सांगितला जातो. त्याच्या वडिलांनी लहानपणी त्याचं बॉक्सिंग थांबवून त्याला काही काळ युक्रेनी लोकनृत्य शिकायला पाठवलं होतं. पाय स्वतंत्रपणे विचार करू लागले की डोळे मोकळे होतात.

आपल्याकडे मेरी कोमचं २०१२ चं कांस्य मला या दृष्टीने फार मोलाचं वाटतं. ती कमी वजनगटात वाढलेली, पण लंडनला महिलांचा सर्वांत खालचा गटच ५१ किलोचा होता. म्हणजे समोर येणारी जवळपास प्रत्येक मुलगी तिच्याहून उंच, लांब हातांची. त्या स्पर्धेच्या तयारीचा काही भाग तिने पुण्यात बालेवाडीला केला होता. पोलंडच्या आणि ट्युनिशियाच्या बॉक्सरांना तिने आत घुसून, बाहेर पडून, कोन बदलून हरवलं. उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सने तिला तो आत घुसण्याचा रस्ता दिला नाही. आणि पुण्याच्याच देविका घोरपडेने २०२२ मध्ये स्पेनला युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिच्या वयोगटात प्रतिस्पर्ध्यांबद्दल फारशी माहिती मिळण्याची शक्यताच नव्हती. युवा गटात सगळेच सगळ्यांना अनोळखी असतात.

म्हणजे व्हिडिओ पाहून तयारी करू नये का?

जरूर करावी. अमित पंघालला उझबेकिस्तानच्या ऑलिंपिक विजेत्या हसनबॉय दुस्मतोव्हने २०१७ मध्ये हरवलं होतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम लढतीत अमितने त्याला ३-२ असं हरवून सुवर्ण आणलं. ओळखीच्या माणसाची तयारी अशी फळते.

फक्त व्हिडिओत पाहिलेला माणूसच आज रिंगमध्ये आलाय हे गृहीत धरू नका. पहिल्या मिनिटात पडताळून घ्या.

ही हुशारी उपजत असते की शिकवता येते?

काही मुलांना ती लवकर येते हे मी नाकारणार नाही. गल्लीत क्रिकेट, कबड्डी, पकडापकडी सगळं खेळून आलेली मुलं समोरच्याचं अंग लवकर वाचतात, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलंय. पण शिकवता येते. फक्त ती ठोसे मारायच्या बॅगवर शिकता येत नाही. बॅग कधी फसवत नाही.

मग सराव कसा करायचा?

मुख्य म्हणजे रोज त्याच मित्राशी स्पॅरिंग करणं थांबवा. दोन वर्षं एकाच मुलाशी खेळलेला बॉक्सर त्या एकाच मुलाचा तज्ज्ञ होतो. शेजारच्या क्लबात जा, त्यांना आपल्याकडे बोलवा. उंच, ठेंगणे, डावखुरे, अंगावर येणारे, पळणारे असे सगळे मिळायला हवेत. डावखुरा नसेलच तर आपल्यातल्या कुणाला तरी उलटं उभं राहायला सांगा. तो वाईट डावखुरा असेल, पण पाय अडकण्याची सवय तर होईल.

आमच्याकडे एक खेळ चालतो. दोघांपैकी एकाला मी कानात एक खोड सांगतो: "जॅबनंतर नेहमी उजवीकडे सरक" किंवा "हुलकावणी दिली की दोन्ही हात वर ने". दुसऱ्याला काही सांगत नाही. दोन मिनिटं हलक्या हाताने खेळायचं आणि मग दुसऱ्याने ती खोड ओळखून दाखवायची. सुरुवातीला मुलं काहीच्या काही सांगतात. तीनचार महिन्यांत एका मिनिटात ओळखतात. एका मुलीने मी न सांगितलेली, समोरच्याची खरीखुरी खोड ओळखली, त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या पदकाचा झालेला नाही.

याशिवाय फेरीच्या मधोमध शिट्टी वाजवून काम बदलायचं. इतका वेळ पुढे जात होतास, आता फक्त मागे सरकून प्रतिठोसा. ज्याला एकच खेळ येतो तो बदलायचं ठरवूनही बदलू शकत नाही. आणि दम. तिसऱ्या फेरीत ज्याचा श्वास तुटलाय त्याला समोरचं काही दिसत नाही. जुळवून घेण्याचं निम्मं काम सकाळच्या धावण्यात होतं.

प्रतिस्पर्धी खूप उंच असेल तर?

जॅबच्या टोकाशी उभं राहणं सर्वांत वाईट. एक तर पूर्ण बाहेर, नाहीतर पूर्ण आत. आत गेलात की आधी पोटावर.

ऐनवेळी लढत मिळाली तर घ्यावी का?

पालकांनी हे उत्तर नीट वाचावं. अंगात सराव चालू असेल, वजन आपोआप गटाच्या जवळ असेल, गेल्या काही आठवड्यांत डोक्याला जोराचा मार बसलेला नसेल, तर घ्या. अनुभव मिळतो. पण तीन दिवसांत चार किलो उतरवायचं असेल तर नाही म्हणा. पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवलेल्या शरीराला ठोसा जास्त लागतो, मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो आणि डोळे-पायही संथ होतात. म्हणजे जे कौशल्य वापरून वाचायचं, तेच हातात राहत नाही.

१९३४ मध्ये ऐनवेळी बोलावणं येऊन जिंकलेल्या आणि पुढच्या वर्षी जगज्जेता झालेल्या जेम्स ब्रॅडॉकची गोष्ट मला मुलं नेहमी सांगतात. मी त्यांना विचारतो, त्याआधी तो काय करत होता? गोदीत ओझी वाहत होता. उजवा हात दुखावलेला असल्याने डाव्याने कष्ट करून करून त्याचा डावा हात तयार झाला होता. तिथेही शरीर तयारच होतं.

बाद झालेल्या बॉक्सरला नियमाने ठरावीक काळ विश्रांती द्यावीच लागते. कुणी "काही होत नाही" म्हणत तो नियम टाळू लागला, तर तो प्रशिक्षक सोडा.

लढत बघताना हे जुळवून घेणं ओळखायचं कसं?

ठोसे मोजू नका, पाय बघा. पहिल्या फेरीत कोण कुठल्या दिशेने फिरत होता ते लक्षात ठेवा आणि पाचव्या फेरीत तो अजून तिकडेच फिरतोय का ते बघा. आवाज बंद करून बघितलं तर जास्त दिसतं, कारण समालोचक बहुधा ठोशाच्या मागे धावतात.

सुरुवात करायला १८ मे २०२४ ची रियाधमधली ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरीची लढत घ्या. उसिक डावखुरा आणि फ्युरीपेक्षा बराच बुटका. मधल्या फेऱ्यांत फ्युरीचे पोटावरचे आणि खालून येणारे ठोसे त्याला इतके लागत होते की लढत हातची जातेय असं वाटलं. सातवी फेरी संपली की तिथे थांबवा आणि कागदावर लिहा: उसिकचा डावा आत्तापर्यंत कुठे पोहोचतोय? मग आठवी लावा. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर आपटत गेला आणि पंचांना मोजावं लागलं. तुमचा कागद आणि ती फेरी शेजारी ठेवून बघा.